शेवड्यांना विचारा

रत्नागिरीच्या परटवण्यात कुणाच्या घरी लग्न जमायचं असलं की आधी पत्रिका बघत, मग मुलगा किंवा मुलगी बघत, आणि मग श्रीपती शेवड्यांना विचारत. पहिल्या दोन गोष्टी जुळून तिसरीपाशी फिसकटलेली लग्नं गावात कमी नाहीत.

शेवडे एका शाळेत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. संगमेश्वरपासून लांज्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी पोरं शिकायला रत्नागिरीत ठेवली, त्या सगळ्यांचं आजोळ, बापाचा धंदा, थोरल्या चुलत्याशी असलेला वाद आणि नापास झाल्याचं वर्ष हे शेवड्यांना तोंडपाठ होतं. माणसं निवृत्त झाल्यावर बागकाम करतात, देवळात जातात. शेवडे झोपाळ्यावर बसले आणि लोक चौकशीला येऊ लागले. आलेल्याला त्यांच्या पत्नी कमलाबाई कोकम सरबत देत. सरबत फार चांगलं असे, याबद्दल ज्यांची लग्नं मोडली त्यांचंही दुमत नव्हतं.

शेवडे खोटं बोलत नसत. हा त्यांचा मोठा गुण, आणि लोकांचं जे काही नुकसान झालं ते या गुणामुळेच झालं. 'मुलगा कसा आहे?' असं कुणी विचारलं की ते म्हणत, "घर चांगलं. वडील पोस्टात होते. मुलगा इंजिनियर. मुंबईस एकटाच असतो." आणि मग म्हणत, "हं."

या हं-पाशी ते थांबत आणि गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडच्या फणसाकडे बघत. पाहुणा सरबताचा पेला खाली ठेवी. एकटाच असतो आणि हं, म्हणजे काय? दारू? बाई? का दोन्ही? स्टँडवर पोहोचेपर्यंत पाहुण्याच्या मनात तो मुलगा पार वाया गेलेला असे. खरी गोष्ट अशी होती की त्या हं-मध्ये काहीएक नव्हतं. शेवड्यांची माहिती तिथे संपलेली असे, एवढंच. पण 'पुढचं मला माहीत नाही' हे वाक्य बोलायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती. शाळेच्या ऑफिसात कधी लागलं नाही, मग घरात कशाला लागेल?

गडग्यापलीकडच्या पावसकरांची दीपाली हिचं लांज्याचं स्थळ असंच गेलं होतं. मुलाचं नाव वेद, घरचा काजूचा व्यवसाय, सगळं ठरत आलेलं. वेदचा मामा रीतीप्रमाणे शेवड्यांकडे येऊन बसला. शेवडे म्हणाले, "मुलगी हुशार. वडील लहानपणीच गेले. पुण्याला शिकली, तिथेच खोली घेऊन राहत होती. हं." मामाने सरबत संपवलंसुद्धा नाही. वेदचं लग्न पुढच्याच वर्षी चिपळूणच्या मुलीशी झालं, हेही अर्थात शेवड्यांना माहीत होतं. आपला त्याच्याशी काही संबंध आहे असं मात्र त्यांना कधी वाटलं नाही. आपण बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

असं सुखात चाललेलं असताना त्यांच्या मुलीचा, मनस्विनीचा, फोन आला. ती स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया नावाच्या शहरात एका शिपिंग कंपनीत होती. तिने लग्न ठरवलं होतं. मुलाचं नाव एलॉय, शाळेत गणित शिकवतो.

"आडनाव काय?" शेवड्यांनी विचारलं.

तिने दोन आडनावं सांगितली. तिकडे दोन असतात म्हणे. शेवड्यांना त्यातल्या एकाचाही पत्ता लागेना. जन्मात पहिल्यांदा त्यांच्यासमोर असं घर आलं होतं की ज्याचं आजोळ, चुलता, वाद, काहीच कुणाला विचारता येत नव्हतं. जावई परका, परधर्माचा, मांस खाणारा, हे सगळं त्यांनी दोन दिवसांत गिळलं. चौकशी केल्याशिवाय मुलगी द्यायची, हे काही गळ्याखाली उतरेना.

मग त्यांनी कोकणातला माणूस करील तेच केलं. वरच्या वाडीतला निलेश जहाजावर कुक होता, आणि त्याचं जहाज त्याच महिन्यात व्हॅलेन्सियाला लागणार होतं. शेवड्यांनी त्याला एलॉयचा फोटो पाठवला आणि 'सहज आसपास विचारून बघ, घराणं कसं आहे' असं कळवलं. जणू व्हॅलेन्सिया म्हणजे देवरुखच्या अलीकडचा फाटा आणि तिथल्या टपरीवर बसलं की गाव आपोआप बोलायला लागेल. निलेश बिचारा गुणी पोरगा. त्याने खरंच सुट्टीच्या दिवशी बंदराबाहेरच्या हॉटेलांतून तो फोटो फिरवला. रात्री त्याचा आवाज रेकॉर्ड होऊन आला.

"काका, ह्ये शहर लई मोठं हाय, हितं कोन कोनाला वळखत नाय. एका पोराला इंग्लिश येत हुतं, तो म्हनला, तुमाला येवढं पायजेल तर त्यालाच जाऊन इचारा ना. मला पोलिसाचा मानूस समजले काका. आता परत सांगू नका."

'त्यालाच विचारा' हा सल्ला शेवड्यांना फार असंस्कृत वाटला. ज्याची चौकशी करायची त्यालाच विचारायचं? मग चौकशी कशाला म्हणायचं तिला!

एलॉयच्या आईशी, पिलारबाईंशी, फोनवर समोरासमोर बोलणं ठरलं होतं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मनस्विनी म्हणाली, मी सांगेन मराठीतून. शेवड्यांना हे पटलं नाही. मुलीने स्वतःच्या सासूचं बोलणं बापाला सांगायचं म्हणजे आरोपीनेच जबानी लिहून घ्यायची. त्यांनी स्वतः स्पॅनिश शिकायचं ठरवलं आणि मोबाइलवर एक ॲप घेतलं. त्या ॲपने त्यांना महिनाभरात 'मुलगी सफरचंद खाते' एवढं पक्कं शिकवलं. विहिणीशी पहिल्याच बोलण्यात हे वाक्य कुठे घालावं ते काही सुचेना. त्यातच ॲपने एक दिवस 'माहीत असणे' याला दोन क्रियापदं काढली, साबेर आणि कोनोसेर. इंग्रजीत दोघांचा अर्थ एकच दिलेला. शेवडे हे निवडत तेव्हा ते बरोबर असे, ते निवडत तेव्हा हे. माहिती असण्याच्या बाबतीत आपण चुकतो आहोत हे दिवसातून दहादा एका यंत्राने लाल रंगात सांगावं, हे त्यांना सहन झालं नाही.

तेव्हा कमलाबाई म्हणाल्या, "पलीकडे दीपाली स्पॅनिश शिकवते की. पुण्या-बंगळूरची माणसं तिच्याकडे घरबसल्या शिकतात. तुम्हाला माहीत नाही होय?"

शेवड्यांना माहीत होतं. कुठल्या विद्यापीठाची पदवी आणि किती टक्के, तेही माहीत होतं. ती शिकवते म्हणजे तिच्याकडे शिकायला जाता येतं, एवढंच डोक्यात आलं नव्हतं. गडग्याला वळसा घालून ते पहिल्यांदा पावसकरांच्या फाटकातून आत शिरले. दीपालीने त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "या. संध्याकाळी यायचं. उशीर केलेला मला चालत नाही."

दोन क्रियापदांचा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी काढला. "इंग्रजीला एक पुरतं, मग या लोकांना दोन कशाला?"

"इंग्रजीला सोडा हो काका. आपल्याकडेही दोन आहेतच. माहीत असतं ते साबेर. ओळख असते ते कोनोसेर. माणसांची ओळख, गावांची ओळख. आता दाभोळ घ्या. ओळखीचं आहे का?"

"आहे म्हणजे? वाशिष्ठीच्या मुखाशी. जुनं बंदर. फेरीबोट आहे, समोर धोपावे. मासेमारी मुख्य धंदा."

"कधी गेलाय?"

"मला गाडी लागते," शेवडे म्हणाले.

"मग दाभोळला साबेर."

"तसं बघितलं तर माझं सगळं साबेरच आहे," शेवडे म्हणाले, आणि हे त्यांनी अभिमानाने म्हटलं हे सांगायला पाहिजे.

दीपालीने घरचा अभ्यास दिला. कोनोसेर घालून पाच माणसांवर पाच वाक्यं. शेवडे झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी मोठ्याने पहिलं वाक्य केलं. "कोनोस्को आ कमला."

कमलाबाई ओले काजूगर सोलत होत्या. "हे काय माझं नाव घेऊन?"

"मी कमलाला ओळखतो, असं वाक्य आहे."

"बघा हो, दीपाली उगाच चूक धरेल," कमलाबाई म्हणाल्या आणि पुढचा काजू घेतला.

दुसरं नाव सुचेना. म्हणजे नावं ढिगाने सुचत होती. प्रत्येकाच्या मागे आजोळ, धंदा, नापास झाल्याचं वर्ष रांगेने उभं राहत होतं. पण साबेर घातलं की वाक्य धावत होतं आणि कोनोसेर घातलं की अडत होतं. हा माणूस कशाने हसतो, कशाला भितो, त्याच्या घरात आपण शेवटचं कधी बसलो, असलं काही मनात येई आणि पुढे काहीच येत नसे. शेवडे चिडले. भाषा अपुरी आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी एकच वाक्य घेऊन गेले. दीपालीने ते बरोबर आहे म्हणून सांगितलं. बाकीच्या चारांचं तिने विचारलं नाही.

फोनच्या आदल्या दिवशी ठरलं की दीपालीने शेजारी बसायचं आणि अडेल तिथे सांगायचं. सगळी तयारी झाली. शेवड्यांनी प्रश्नही घोकले होते. जेवताना कमलाबाई म्हणाल्या, "उद्या त्या बाईंनी दीपालीलाच विचारलं तर? घर कसं, माणसं कशी. शेजारीण म्हणून बसणार आहे ती."

"विचारू देत की. ती काय सांगणार?"

"लांज्याचं तिला माहीत आहे हो."

शेवड्यांचा घास हातात राहिला. "काय माहीत आहे?"

"वेदचा मामा इथून उठून तिच्या आईकडे गेला आणि 'शेवड्यांनी हं म्हटलं, आता आमचं जमत नाही' म्हणून सांगून आला. तेव्हापासून माहीत आहे त्या दोघींना."

"आणि तू मला हे आज सांगतेस?"

"मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत असतं."

शेवडे भात तसाच टाकून उठले. त्यांना भीती वाटत होती, साधी, बापाला वाटते ती भीती. एकुलती मुलगी, समुद्रापलीकडचं घर, जिथे तिचं म्हणून कुणी नाही. आणि त्या घरात आपल्याबद्दल पहिला शब्द कोण बोलणार, तर दीपाली. तिने खोटं बोलायचीही गरज नव्हती. किती थोडक्यात काम होतं हे रत्नागिरीत त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर पिलारबाई आल्या. गोल चेहरा, कपाळावर चढवलेला चष्मा, मागे भुंकणारं कुत्रं. बाजूला मनस्विनी आणि दाढीवाला एलॉय, दोघंही परीक्षेला बसल्यासारखे. शेवड्यांनी घसा साफ केला आणि प्रश्न सुरू केले. घर स्वतःचं का? घरात माणसं किती? कुणाला काही आजार? दीपाली शेजारी बसून उत्तरं मराठीत सांगत होती. मनस्विनीने कपाळाला हात लावला. पिलारबाईंना मात्र काहीच लागलं नाही. घराचं कर्ज अजून फिटायचं आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, धाकटा मुलगा कामधंदा करत नाही आणि दुपारपर्यंत झोपतो, सगळं त्यांनी हसत हसत सांगून टाकलं. नवऱ्याचं विचारल्यावर त्यांनी हाताने काहीतरी दूर उडवून दिलं आणि दोन शब्द बोलल्या. ते न सांगता कमलाबाईंना कळलं.

संगमेश्वरात एवढं काढायला महिना लागला असता. ती बाई ते शेजाऱ्याला भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती. समोरचा लपवतच नाही म्हटल्यावर चौकशीत राम काय राहिला! शेवडे जरा हिरमुसलेच.

आणि मग पिलारबाई दीपालीकडे वळल्या. त्यांनी विचारलेला शब्द शेवड्यांनी पकडला, कोनोसेर होता तो. तू यांना ओळखतेस ना? कशी आहेत माणसं? आणि वडील? माझा मुलगा त्यांना फार घाबरतोय.

शेवड्यांनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली. दीपालीने नुसता श्वास घेतला असता तरी त्यांचं अवसान गेलं असतं. पण ती थांबली नाही. तिने मनस्विनीचं सांगितलं, दोघी भाट्याच्या समुद्रकाठी पुळणीवर जात आणि परत यायची वेळ मनस्विनीला कधी आठवत नसे. कमलाबाईंचं सांगितलं, या घरातून कुणी उपाशी परत जात नाही. आणि वडिलांचं ती सावकाश बोलली, तिने स्वतः शिकवलेल्या शब्दांत, म्हणून शेवड्यांना शब्द न् शब्द कळला.

"त्यांच्याबद्दल मी सांगून तुम्हाला काय कळणार? तुम्हीच या. आठ दिवस राहा आणि ओळख करून घ्या."

पिलारबाई खूश झाल्या. डिसेंबरात येते म्हणाल्या, कुत्र्याची सोय झाली की. एलॉयने सुटकेचा निःश्वास टाकला. कमलाबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि आत जाऊन सगळ्यांसाठी घावनं काढली, त्यातली स्पेनला जाणार नव्हती हे लक्षात येईपर्यंत खूपच झाली होती.

शेवडे तिथेच बसून राहिले. जा, भेटा, ओळख करून घ्या. एवढंच होतं. लांज्याच्या मामाला हे सांगायला गडग्यापलीकडे एक बोट दाखवावं लागलं असतं, तेवढे कष्ट त्यांनी वाचवले होते. त्यांना लाज वाटली. इतकी वाटली की दीपाली निघाली तेव्हा तिला फाटकापर्यंत पोहोचवायलाही ते उठले नाहीत.

त्याच वर्षी मे महिन्यात संगमेश्वरचे एक गृहस्थ चौकशीला आले. कमलाबाईंनी सरबत दिलं. चौकशी दीपाली पावसकरची होती. मुलगा त्यांचा पुतण्या.

"मुलगी कशी आहे?"

"चांगली आहे," शेवडे म्हणाले. "फार चांगली. शिकवते सुरेख. मनात डूख धरून बसत नाही."

पाहुणा वाट बघत राहिला. शेवड्यांबद्दल ऐकूनच आला होता तो. पण शेवडे फणसाकडे बघेनात, थेट त्याच्याकडेच बघत होते.

"आणखी?"

"आणखी मी काय सांगणार? पलीकडेच घर आहे. चला, मीच नेतो. स्वतः ओळख करून घ्या."

पाहुण्याचा चेहरा उतरला. शेवडे, आणि स्तुती करतात? आणि वर चप्पल घालून स्वतः न्यायला निघतात? म्हणजे प्रकरण साधं नाही. मुलीच्या आईने यांना भरीला घातलंय, नाहीतर सगळी आळीच हिला एकदाची खपवायला टपलीय. पाहुण्याला एकाएकी संगमेश्वरच्या गाडीची आठवण झाली. अर्धं सरबत टाकून तो जो गेला, तो मागे वळून बघायलाही थांबला नाही.

शेवडे चप्पल घालून उभेच होते. ते तसेच पावसकरांकडे गेले.

"काका, क्लास चालू आहे," आतून दीपाली म्हणाली. "बाहेर बसा."

ते पायरीवर बसले. चिरा उन्हाने तापला होता. आतून पुण्याची नाहीतर बंगळूरची कुणी मुलगी तीच दोन क्रियापदं घोकत होती आणि चुकत होती. बऱ्याच वेळाने दीपाली बाहेर आली.

"कोण होते हो ते? पळत सुटल्यासारखे गेले."

"तुझं स्थळ. संगमेश्वरचं."

"मग?"

"मी तुझी स्तुती केली."

दीपाली एवढ्या मोठ्याने हसली की तिची आई आतून डोकावली. "तुम्ही? मग पळतील नाहीतर काय करतील!"

शेवड्यांना हसू आलं नाही. "मी फोन करतो त्यांना. समजावून सांगतो."

"नको. तुम्ही जितकं सांगाल तितके ते लांब जातील. आणि शेजाऱ्याला विचारून मुलगी ठरवणारं घर मला नकोच होतं." हसू ओसरल्यावर ती दाराच्या चौकटीला टेकली. "वेदचं तसं नव्हतं. वेद मला आवडला होता, काका."



"मला माहीत नव्हतं," शेवडे म्हणाले.

"तुम्ही विचारलं नव्हतंत," दीपाली म्हणाली, आणि पुढच्या क्लासची वेळ झाली म्हणून आत गेली.